रानगाढव नावाचा राजा

बाळ वेळेआधी जन्माला आलं आणि थेट काचेच्या पेटीत गेलं. पेटीवरच्या चिठ्ठीवर त्याचं नाव नव्हतं, अमकीचा मुलगा एवढंच होतं. मला तेच बरं वाटायचं. दीर्घायुष्याचा अर्थ असलेलं नाव मी आधीच ठरवून ठेवलं होतं, पण आता ते उच्चारायला जीभ रेटत नव्हती. एवढं मोठं मागणं ऐकून कुणाची तरी दृष्ट लागेल, असं सारखं वाटे. मी इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस नावाच्या आयटी वसाहतीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, माझी मलाच लाज वाटत होती. पण भीतीला कसली आलीय लाज!

नवरा मात्र नावाच्या मागेच लागला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून नावांचे अर्थ सांगणाऱ्या वेबसाइटवर भटकायचा. भटकत भटकत एकदा पार कनान देशाच्या राजांपर्यंत पोचला. यहुद्यांच्या जुन्या ग्रंथात यार्मुथ नगराचा एक राजा आहे, पिराम. हिब्रूत ‘पेरे’ म्हणजे रानगाढव, त्यावरून हे नाव आलं असावं, असं त्याने वाचून दाखवलं. मला हसवायला म्हणाला, “बघ, चक्क राजाचं नाव गाढव. आपण उगाच टेन्शन घेतोय.”

मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांचं नाव केरकचऱ्यावरून ठेवलेलं. यमाला वाटावं, हे काय उचलून न्यायचं? बँकेत मॅनेजर झाले तरी ते नुसती आद्याक्षरं लिहायचे आणि आम्ही पोरं त्यावरून त्यांना चिडवायचो. पिरामची आई मला एकदम ओळखीची वाटली.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. वाळवंटातल्या लोकांना रानगाढव म्हणजे लगाम न मानणारा प्राणी, तेव्हा नाव कौतुकानेच ठेवलं असणार. असेलही. त्या राजाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. तो पुढे वाचत गेला. लढाई हरल्यावर पिराम आणखी चार राजांबरोबर गुहेत लपला, आणि सगळ्यांना बाहेर काढून मारण्यात आलं. नवऱ्याने फोन खिशात टाकला.

“पण राजा होईपर्यंत जगला ना,” मी म्हटलं.

त्याच दुपारी मी बाळाजवळ असताना पेटीचं मशीन वाजायला लागलं. बाळ श्वास घ्यायचं थांबलं होतं. मल्याळी नर्स धावत आली, “मम्मी, डरना नहीं,” म्हणत त्याच्या तळपायावर टिचक्या मारू लागली. मी काचेला तोंड लावलं.

“गाढवा, श्वास घे. ए गाढवा, श्वास घे रे.”

त्याची छाती हलली.

आता तो शाळेत जातो. बसपाशी मित्रांसमोर हाक मारली की चिडतो, “मम्मा, डोन्ट कॉल मी दॅट,” म्हणतो. चिडू दे. त्याचं खरं नाव घ्यायची माझी अजून हिंमत होत नाही.