मोठे ओझे एकदाच जाते

चतुर्थीसाठी आम्ही पेडण्यात घरीच नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, चकल्या करून विकतो. मी चौथी शिकलेली. तळण माझे, कॉम्प्युटर सुनेचा. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे पान आहे आणि त्या पानाला त्याच्या ऑर्डरी, घरची माणसे जोडलेली. ऑर्डर असलेली दाखव म्हटले की तेवढीच दिसतात, नसलेली म्हटले की ती. माणसे इतके सरळ उत्तर देत नाहीत.

यंदा तिने गेल्या वर्षी ओझे नेलेली, पण यंदा ऑर्डर नसलेली गिऱ्हाइके काढली. यादी बघून तिचा चेहरा पडला.

"आई, एकही परत आलं नाही. तळणाला दोन बायका सांगून बसलेय. त्यांना नको म्हणून कळवू?"

"अगो, चेडवाचा लगीन दर वर्षी करतत काय?"

सून कोल्हापूरची. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला माहेरहून मुलीच्या सासरी फराळाचे, नारळ-केळ्यांचे मोठे ओझे जाते, ते एकदाच, हे तिला कुठून ठाऊक असणार?

पण डोके तिचे लगेच चालले. "मग सासरच्यांनी खाल्लंय ना आपलं? त्यांनाच विचारते." ओझे कुठे जायचे तो पत्ता आणि फोन तिने ऑर्डरीला जोडलेला होताच. ओझे पोचलेली, पण स्वतः ऑर्डर न दिलेली घरे क्षणात समोर. बहुतेक डिचोलीकडची. तिने मोबाईल उचलला. मी झारा ठेवला आणि तो तिच्या हातातून काढून घेतला.

"काय सांगतलंस त्यांका? तुमच्या सुनेच्या आवशीन फराळ इकत घेतल्यान?"

"खरंच आहे की."

"खरा आसा म्हणानच सांगू नको."

आमच्याकडून ओझे नेणारी प्रत्येक आई व्याह्यांना सांगते की सगळे मी माझ्या हाताने केले. एका फोनने तिच्या मुलीला जन्मभराचे टोमणे. आणि ती बाई आमची पायरी पुन्हा चढणार नाही, तिच्या वाड्यावरचीही कोणी नाही.

"मग विकू कोणाला?" सून फणकारली.

"ओझा नेल्यानी आणि घरात आणखी एक चेडू आसा, असली घरा काढ."

तिने काढली. मला पाने उलटत दिवस गेला असता. यादी लहान आली. लग्नाबिग्नाचे विचारायचे नाही, नुसते नेवऱ्यांचे विचार, असे मी बजावले. पहिल्या दोघींनी थोड्या नेवऱ्या सांगितल्या. मग हळर्णची एक बाई फोनवर एवढ्याने बोलली की मला कढईपाशी ऐकू आले.

"बरा केलास गो फोन! धाकट्या चेडवाचा लगीन वैशाखात झाला. ओझा होया. पण खोक्यार तुमचा नाव नको हां."

सुनेने माझ्याकडे बघितले. "कधीच नसतं, मावशी," ती म्हणाली.

तळणाला सांगून ठेवलेल्या दोन्ही बायका आल्या. आणि ओझे पोचलेली सासरची घरे फोनच्या यादीत येऊच नयेत, अशी सोय सुनेने करून टाकली.