कर्नलला चुकीचा नंबर दिला तो दिवस

नववीत शाळा सुटलेल्या बाईला लिनक्स कोण शिकवणार? भाईंदरला आमच्या चाळीतल्या ताईंनी शिकवलं, दर रविवारी, विहाराच्या ओट्यावर स्वतःचा लॅपटॉप उघडून. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्यांच्यामुळेच स्टीलच्या भांड्यांच्या गोडाऊनमध्ये मी पुसायच्या कामावरून कॉम्प्युटरवर आले.

त्या दिवशी शेठ म्हणाले, "बेन, हा बारकोड स्कॅनर आज चालू करून दे, मग उद्या खुशाल गावी जा." परवा परभणीला आईच्या डोळ्याची पट्टी सुटणार होती. "पट्टी काढली की पयलं तुजं तोंड बघायचंय," असं ती फोनवर म्हणाली होती.

अडचण अशी, की मशीनला स्कॅनर म्हणजे कीबोर्डच वाटायचा. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ड्रायव्हर त्याला ताब्यात घ्यायचा आणि खोक्याचा नंबर कधी बिलात, कधी शेठच्या ईमेलमध्ये जाऊन पडायचा. आमच्या पॅकिंगच्या प्रोग्रॅमला स्कॅनर थेट हवा होता. म्हणून त्याचा युएसबी नंबर देऊन ड्रायव्हरला सांगायचं होतं, याला हात लावू नकोस. ताईंची रीत ठरलेली: मशीनला काय काय जोडलंय त्याची यादी बघ, वायर काढ, परत यादी बघ, जी ओळ गेली ती तुझी. मी घाईत वायर काढलीच नाही. मन कधीच एसटीत जाऊन बसलं होतं. अंदाजाने एक ओळ उचलली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

कीबोर्ड मेला. स्कॅनर मात्र पासवर्डच्या चौकटीत खोक्यांचे नंबर टाकत बसला.

घाबरून ताईंना फोन लावला. "ताई, मी कीबोर्डच बंद केला हो!"

त्या आधी पोटभर हसल्या. "अगं, नंबर त्या एकाच मॉडेलचा दिलायस ना? दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड आण कुणाकडून तरी. त्याला कोण अडवतंय?"

शेजारच्या गाळ्यातून आणला. चालला. या वेळी वायर काढून यादी दोनदा बघितली, आणि स्कॅनर जागेवर आला.

शेठ खूश. "वाह बेन! वरच्या मजल्यावरची तीन मशीनं पण करून टाक ना. दोनच दिवस. मग आठ दिवस रहा मम्मीकडे."

माझ्याच्याने नाही म्हणवेना. या माणसाने मला खुर्ची दिली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरून आईला फोन केला. पट्टी सकाळीच सुटली होती.

"दिसतंय का गं?"

"समदं दिसतंय. तूच तेवढी न्हाईस."

मी म्हटलं, उद्या निघते. ती बरं म्हणाली, पण फोन काही तिने ठेवला नाही.