अप्पा आणि पडद्यावरच्या बाई

सरकारी दवाखान्यात जन्म काढूनही कुठल्याच यंत्रावर विश्वास न ठेवणारा माणूस हुलसूरपासून गाणगापूरपर्यंत एकच होता, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. क्षयरोग्यांवर देखरेख ठेवणाऱ्या या माझ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. रोगी वजनकाट्यावर उभा राहिला, तरी अप्पा आधी त्याचं मनगट चाचपायचे आणि मग काट्याकडे संशयानं बघायचे. मोबाइलवर तर इतक्या मोठ्यानं बोलायचे, की समोरच्या गिरणीतली माणसं बाहेर येऊन ओ द्यायची.

दवाखान्यात कॉम्प्युटर आला. रोग्यांच्या देखरेखीचं ट्रेनिंग आता ऑनलाइन घ्यायचं, असा हुकूम निघाला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी पडद्यावरच्या बाईंना वाकून नमस्कार केला. बाई आधीच चित्रित केलेल्या. त्या बोलतच राहिल्या. अप्पांनी दोन शंका विचारल्या आणि ते उठले.

“मी बोलायलोय अन् ह्या ऐकनात. असलं शिकणं मला नगं. गोळी माणसाच्या तोंडात घालायची असतीया, मशिनीत न्हाई!”

त्याच हिवाळ्यात वस्तीवरची एक तरुण सून, सुमन, क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर टाकून नवऱ्या-सासऱ्याबरोबर पुण्याला बांधकामावर गेली. ताप उतरला होता. बरं वाटत होतं. घराला कुलूप दिसताच अप्पा रजा टाकून पुण्याला गेले. गोळ्या खिशात घालून या इमारतीवरून त्या इमारतीवर “बिदरकडचं कोन हाय का?” असं विचारत हिंडले. ती सापडली नाही.

काही महिन्यांनी तिचा सासरा परत आला. टोपी हातात धरून म्हणाला, “अप्पा, पोरगी गेली आमची. तिकडंच.”

“खोलीपसनं दवाखाना लांब होता का?”

“न्हाई. रस्त्यापल्याड होता. तिथंबी ह्याच गोळ्या मिळतेत, हे कुणाला ठावं?”

अप्पांनी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. मग मला म्हणाले, “अक्का, त्या बाईला लाव.”

परगावी जाणाऱ्या रोग्याची माहिती तिकडच्या दवाखान्याला आधीच कशी कळवायची, तो धडा मी लावला. अप्पा एका बोटानं अक्षरं हुडकत, घाम पुसत शिकले. “बाई, जरा सावकाश,” असं म्हणाले, की मी मागून हळूच व्हिडिओ थांबवायची. “आता ऐकायल्यात,” अप्पा समाधानानं म्हणायचे.

पुढं मजूर गावाबाहेर पडायला लागले, की अप्पा बसस्टँडवर हजर. बोचकी ओलांडत आपले रोगी शोधायचे. “कुठं चाललाव? ठिकाण सांगा. तुमच्या आधी तुमचं नाव पोचतंय.”

पंचमीला माहेरी आलेली अप्पांची एक रोगी बाई मुद्दाम दवाखान्यात आली. अंगानं चांगली भरली होती. म्हणाली, “अप्पा, मी तिकडं दवाखान्याच्या दारात पाय ठेवला, अन् सिस्टरनं मला नावानं हाक मारली बघा.”

अप्पांनी तिला खुर्ची दिली.

“पुन्यांदा सांग गं,” ते म्हणाले. ती पहिल्यापासून सांगू लागली, आणि अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले.