पाचगणीच्या खोलीचा सौदा

समोरच्यानं सांगितलेला आकडा माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकदाही मान्य केलेला नाही. मग तो रुपयांचा असो, किलोमीटरचा असो, नाहीतर रक्तदाबाचा. तासगावला त्यांचा बेदाण्याचा व्यापार. सौद्यात उभं राहायचं, ताटलीतला बेदाणा तोंडात टाकायचा, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करायचं आणि दर पाडायचा, यात त्यांचा जन्म गेला. त्या तोंडाची त्यांना इतकी सवय झालीय की पुरणपोळी खातानाही ते तसंच तोंड करतात आणि मग चार पोळ्या खातात. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. एकदा ते साताऱ्याला आमच्याकडे आले असताना त्यांना चक्कर आली, म्हणून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टा सोडत “एकशेसाठ” म्हटलं. दाजी म्हणाले, “एकशेचाळीस धरा की. आपलं येणंजाणं हाय.” डॉक्टर भला माणूस. त्यानं पुन्हा पट्टा बांधला, आणि यावेळी एकशेपंचावन्न आलं. दाजींनी माझ्याकडे वळून डोळा मारला. “बघा पावणं, सोडलं का न्हाई पाच?”

घासाघीस काय, आपण सगळेच करतो. पण दाजींची खरी विद्या म्हणजे उठून जाणं. दुकानदार हटेना, की दाजी “ऱ्हाऊ द्या मग” म्हणून पायऱ्या उतरतात आणि चालायला लागतात. मान पुढे, कान मागे. चालण्यात घाई नाही, रेंगाळणं नाही. हाक ऐकू येईल इतपतच लांब जायचं, असा त्यांचा हिशोब असतो. एकदा साताऱ्यात चपला घेताना ते असेच उठून गेले. दुकानदार वस्ताद निघाला, त्यानं हाकच मारली नाही. दाजी चालत चालत आमच्या घरापर्यंत आले, आणि दारात बघतो तर अनवाणी! जुन्या चपला दुकानातच राहिलेल्या. मी म्हटलं, “अहो, निदान त्या तरी आणायच्या.” तर म्हणाले, “आता मागं फिरलो तर भाव पडतो. हाक मारंल, मग जाऊ.” शेवटी संध्याकाळी मीच जाऊन त्या चपला घेऊन आलो.

तर अशा माणसाकडे अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, साठी झाली तेव्हा एक गोष्ट मागितली. अक्कांनी आयुष्यभर कधी काही मागितलं नव्हतं. घरात सदा राबता. हमाल, ड्रायव्हर, शेतकरी, परगावचे व्यापारी, आणि प्रत्येकाला आल्याआल्या चहा. पहाटे पाचला जी शेगडी पेटायची ती रात्रीच विझायची. लेकाकडे पुण्याला गेल्या तरी जाग पाचलाच, आणि सून उठायच्या आत चहा तयार. मागं कधीतरी पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी गाडीतून एक मोठं हॉटेल बघितलं होतं. गॅलरीत एक बाई पाय पसरून बसली होती आणि कुणीतरी तिच्या हातात कप देत होतं. अक्का म्हणाल्या, “मला त्येवढं एकदा करायचंय. सकाळी उठायचं, खुर्चीत बसायचं, आन् चहा दुसऱ्या कुणीतरी करून द्यायचा. बाकी काय नगं.” दाजी एका शब्दात “व्हय” म्हणाले. इतक्या पटकन ते कशालाच हो म्हणत नाहीत. अक्कांनी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

दाजींनी हॉटेलात फोन केला. तिथल्या मुलीनं दर सांगितला. दाजींनी निम्मा सांगितला. मुलगी म्हणाली, “सर, दर ठरलेला आहे.” दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मग,” आणि फोन ठेवून ती परत फोन करेल म्हणून संध्याकाळभर फोनशेजारी बसून राहिले. ती कशाला करते! मग ते माझ्याकडे आले. मोबाइलमधलं सगळं मला कळतं, असा सासरी माझा उगीचच लौकिक आहे. तो राखायला मी त्यांना एक साइट दाखवली. तिथं आपण ठिकाण सांगायचं, हॉटेल किती भारी हवं ते सांगायचं आणि आपला दर टाकायचा. कुणाला परवडला तर खोली आपली. मात्र हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर कळणार, आणि पैसे परत मिळणार नाहीत.

“म्हंजे बंद बॉक्स?” दाजी ओरडले. “नमुना न चाखता? पावणं, असा बेदाणा माझा बा बी घेत नव्हता.” पण बोली लावायची म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. घाऊक दर मिळेल म्हणून त्यांनी एकदम दोन खोल्यांची बोली लावली, आणि अशा रीतीनं आम्हीही त्या सहलीत ओढले गेलो. साइटनं बोली नाकारली. दाजी मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाले, “आरं, मग तुझं काय म्हननं हाय त्ये सांग की गड्या!” साइट कुठली बोलतेय! तिचं हो किंवा नाही, एवढंच. हे त्यांच्या जिवाला फार लागलं. समोरचा नुसताच नाही म्हणतो, वर रडत नाही, पोराबाळांची शपथ घालत नाही, म्हणजे हा कसला व्यापारी? त्यांनी मोबाइल बंद केला, कोटाच्या खिशात टाकला, कोट खुंटीला अडकवला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. थोडक्यात, उठून गेले.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी साइटचा निरोप आला. “आपण काहीतरी विसरलात! पाचगणी आपली वाट पाहते आहे.” दाजींचा आनंद गगनात मावेना. तासगावहून मला फोन! “आला का न्हाई मागनं हाक मारत? नरम पडलाय गडी.” मी म्हटलं, “दाजी, ते मशीन आहे. ते सगळ्यांनाच असा निरोप पाठवतं.” “असूदे की मशीन. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख त्येला बी हाय.” झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी बोली लावायची, नकार घ्यायचा, मोबाइल कोटात टाकून अंगणात जायचं आणि निरोपाची वाट बघायची, असा खेळच सुरू झाला. निरोप आला की दाजी दर आणखी कमी करायचे, कारण हाक मारणारा अडलेला असतो.

इकडे अक्कांनी बॅग भरून ठेवली होती. एक नवी साडी, शाल, आणि चहाबरोबर लागतील म्हणून खारी बिस्किटं. उन्हाळा सरला, गणपती आले आणि गेले, पाऊसही सरला. बिस्किटं मऊ पडली म्हणून घरात खाऊन टाकली आणि दुसरी भरली. तीही मऊ पडली. एक दिवस अक्कांचा मला फोन आला. “पावणं, ह्येंचं आन् त्या मशीनचं काय जमत न्हाई. म्या बॅग रिकामी केली. शाल लागतीया थंडीची.” आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला ऐकवेना. बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, “तुम्हीच ते खूळ दाजींच्या डोक्यात घातलंत, आता तुम्हीच काढा.” मी दाजींना फोन लावला आणि अक्का म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. मग दाजींनी दर वाढवला. फार नाही, चिमूटभर. साइट क्षणात हो म्हणाली!

दाजी कोसळलेच. “पयल्या दमात व्हय म्हनला, पावणं! म्हंजे आजून खाली आला आसता. गंडलो मी.” पाचगणीचा घाट चढेपर्यंत ते हेच बोलत होते. हॉटेल अक्कांनी तेव्हा गाडीतून पाहिलेलं ते नव्हतं, पण तसंच भारी होतं. आत शिरताच दाजींनी मालाची तपासणी सुरू केली. गादी अंगठ्यानं दाबली, पडद्याचा वास घेतला, भिंतीवर टिचक्या मारल्या, साबणाची वडी वर धरून उजेडात बघितली. मग खाली जाऊन भेटेल त्याला “तुमाला कितीला पडली?” विचारत फिरले. एक पुणेकर तर जिन्यावरून उलटा फिरला! अक्का मात्र गॅलरीतली खुर्ची पुसत होत्या. स्वच्छच होती, तरी पुसत होत्या. मग त्यांनी विचारलं, “आवं, सकाळी चहा कवा आणत्यात?”

दाजींनी खोलीतून स्पीकर चालू ठेवून खाली फोन लावला. तिथला मुलगा अदबीनं म्हणाला, की सर, खोलीत चहा साडेसातनंतर येतो. दाजी म्हणाले, “पाच करा.” नाही. “सहा?” नाही. “सव्वासहाला मिटवा.” शेवटी मुलगा म्हणाला, “सर, लवकर हवा असेल तर खोलीत किटली आहे. चहा, साखर, दुधाची पावडर सगळं ठेवलंय. आपलं आपण करून घ्यायचं.” अक्कांनी ते ऐकलं आणि हसल्या. “असूदे वो. पाचला जाग येतीया मला. किटली हाय न्हवं? मीच करीन उठून.” आणि त्या टेबलाजवळ जाऊन किटलीचं झाकण कसं उघडतं ते बघायला लागल्या. मला भयंकर वाईट वाटलं. दाजींचं तोंड उतरलं होतं, आणि ते काही बेदाणा चाखतानाचं तोंड नव्हतं.

पहाटे आमच्या खोलीतला फोन वाजला. पलीकडून कुजबुज. “पावणं, चहात आदी काय घालत्यात?” जन्मभर दिवसाला दहा कप रिचवणारा माणूस, आणि त्याला हे माहीत नाही! मी बायकोला उठवलं. तिनं हसू दाबत सगळं सांगितलं. पाणी उकळायचं, पुडी बुडवायची, मग पावडर. आम्हाला काही राहवेना. शाली गुंडाळून आम्ही आमच्या गॅलरीत गेलो. दोन्ही गॅलऱ्यांमध्ये नुसता कमरेएवढा कठडा होता. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर पाय. आतून काहीतरी सांडल्याचा आवाज आला की त्या उठायला लागायच्या, आणि दाजी आतून खेकसायचे, “बस म्हनतो न्हवं!”

दरी धुक्यानं भरलेली होती. बराच वेळ खुडबुड चालली. मग दाजींनी आतूनच विचारलं, “आगं, तू साखर किती घेतीस?”

मला वाटलं, अक्कांना ऐकू गेलं नसेल. बायकोनं माझा हात घट्ट धरला, तेव्हा मी नीट बघितलं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला होता.

“किती गं?” दाजींनी पुन्हा विचारलं.

“दोन,” अक्का म्हणाल्या. “दोन चमचे घेती मी.”