गाईडची शिट्टी माझ्या पर्समध्ये आहे

मंडळी, आत्ताच अकोल्याला घरी पोचले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते.

आईला घेऊन अजिंठ्याच्या एका दिवसाच्या सहलीला गेले होते. जळगावपर्यंत रेल्वे, पुढे बस. आम्हा चाळीस जणांना पिवळ्या टोप्या आणि गाईडच्या हातात शिट्टी. ती वाजली की उठायचं, वाजली की निघायचं.

आईला फक्त सव्वीस नंबरचं लेणं पाहायचं होतं. उजव्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन निजलेला तिथला बुद्ध आमच्या भिंतीवरच्या फोटोत वर्षानुवर्षं आहे. त्याच्यासमोर उभं राहून तिला वंदना म्हणायची होती.

चार लेणी झाली आणि शिट्टी वाजली. सगळ्यांना खाली उतरवून पाऊण तास शालींच्या दुकानात बसवलं.

आईनं गाईडला विचारलं, "काहून गा दादा, मी शाल घ्याले आली का बुद्ध पाहाले?"

"माय, तिकडं बी असंच हाय सारं. गाडी सुटन ना!"

एकटं जाणार तरी कुठं? परतीची तिकिटं त्याच्याच खिशात.

 परतीच्या रेल्वेत थोड्या वेळानं आई बाकावर आडवी झाली. उजव्या कुशीवर, गालाखाली हात. मी बघतच राहिले.

तेवढ्यात डोकी मोजायला गाईड आला आणि त्यानं शिट्टी तोंडाशी नेली. मी ती हातातून काढूनच घेतली. म्हटलं, "माही माय निजली हाय. आता तिले कोणी उठवाचं नाही."

परत करू का त्याची शिट्टी? तुम्हीच सांगा.