अधिक चिन्ह

ठिबकच्या टाकीत काय सोडायचं ते शेतकऱ्यानं मोबाइलवर मराठीत लिहावं आणि मशीननं तसं करावं, यासाठी आम्ही दोघी मैत्रिणी बारामतीत एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करत होतो. ‘आधी हे, मग ते’ याला चिन्ह कोणतं, यावर आमची चांगलीच जुंपली. मला बाण हवा होता. ती म्हणाली, “बाण कीबोर्डवर शोधत कोण बसणार? अधिक चिन्ह सगळ्यांना येतं.” शेवटी कंटाळून मी हो म्हटलं. चिन्ह शाळेतलं, अर्थ आमचा: डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर.

पहिलं मशीन वरकुट्याला, माझ्या वडिलांच्या, आबांच्या डाळिंबाच्या बागेत बसवलं. घरचं गिऱ्हाईक, चुकलं तरी बोंब मारणार नाही. एका सकाळी बागेत निघण्याआधी आबांनी स्वतः लिहिलेल्या पहिल्या ओळीचा फोटो पाठवला. ठिबकच्या नळ्या साफ करायच्या होत्या. ‘ॲसिड + पाणी.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्याकडे औषध आधी लिहितात, पाणी शेवटी. पाण्याला कोण विचारतो! पण मशीन रिकाम्या टाकीत आधी ॲसिड सोडणार, वरून पाणी. ते उसळून अंगावर येतं. फोन लावला, बागेत रेंज नाही. आणि लाईट आली की मशीन आपोआप सुरू होणार.

स्कूटर काढली. इंदापूर रस्त्याला पुढे उसाची ट्रॉली, बाजूनं निघायला जागा नाही. मला रडू येत होतं आणि गणिताच्या बाईंचा रागही. अ अधिक ब म्हणजेच ब अधिक अ, हे घोकून घेतलं होतं ना? मग आबांचं काय चुकलं?

पोचले तेव्हा लाईट यायची होती. आबा झाकण उघडून टाकीत वाकून बघत होते. “आबा, मागं व्हा!” मी ओरडले आणि मशीनची वायरच उपसली. दम लागलेल्या आवाजात सगळं सांगितलं.

“हातानं करताना मी आदी पाणीच घेतो की,” ते म्हणाले. “एवढं कळत न्हाय व्हय मला?”

“मग उलटं का लिहिलंत?”

“कसं बी लिवलं तरी बेरीज तीच. आन् मशीन माज्या लेकीनं केल्यालं हाय. म्हटलं, त्याला म्हाईत असंल.”

तेवढ्यात लाईट आली. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली. आबा अजून उघड्या टाकीवर हात टेकून उभे होते.