आमचं गाणं त्यांच्या रिक्षावर

आमचा बँड फुटला तेव्हा बहुतेकांनी विचारलं, ‘प्रेमाबिमाचं काही होतं का?’ दोन पोरं आणि एक पोरगी म्हटलं की लोकांना दुसरं सुचतच नाही. नव्हतं तसं काही. भांडण गाण्याचं होतं.

रविवारी अमरावतीत एका ट्यूशन क्लासची खोली आम्हाला मिळायची. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं, बाकांवर वायरींचा गुंता. गायक अकोल्याहून गिटार पाठीला लावून यायचा. ड्रमर बार्शीटाकळीचा, वरातीत संदलचे ढोल बडवत वाढलेला. हळू वाजवणं म्हणजे त्याला अपमान वाटायचा. मी बेस वाजवायची आणि शब्द लिहायची. लिहायला शिकले ती आमच्या कामगार संघटनेची पत्रकं लिहून. पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत जबाबदार कोण ते.

मागणी साधी होती. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यातल्या बायांना संध्याकाळची शिफ्ट सुटली की अंधारात हायवेच्या कडेनं, ट्रक चुकवत चालावं लागायचं. त्यांना बस पाहिजे होती. मी लिहिलं, ‘बस कवा येते रे, बस कवा येते?’ चाल गायकाची. झकास चाल होती, हे आजही म्हणेन.

गेटसमोर वाजवलं तेव्हा बाया आधी नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. मग एकीनं रिकाम्या डब्यावर ठेका धरला, मग सगळ्यांनी. क्लिप मोबाइलवर फिरली. अकोल्याच्या कॉलेजात गॅदरिंगला बोलावलं, तिथं पोरं खुर्च्यांवर चढून ओरडत होती. गेटवर रोज शिफ्ट सुटताना बाया तेच म्हणत बाहेर पडायच्या. संघटनेची निवेदनं ज्या मॅनेजरनं कधी वाचली नव्हती, त्यानं स्वतःहून बैठकीला बोलावलं. गाण्यानं केलं ते.

आणि निवडणूक लागली.

मी टपरीवर चहा घेत होते. प्रचाराची रिक्षा आली. आमचीच चाल, आमच्याच गायकाचा आवाज: ‘भाऊ आता येते रे, भाऊ आता येते!’ हे भाऊ कोण? ज्यांच्या मेव्हण्याकडे त्याच कारखान्याला बाया पुरवायचं कंत्राट आहे, ते.

रविवारी तो नेहमीसारखा आला, गिटार सुरात लावायला बसला. मी विचारलं, “काहून केलं असं?”

“काय केलं? चाल माही होती. तुहा एक तरी शब्द घेतला का मी?”

“बायांचं गाणं होतं ते.”

“बायाच मत देतीन ना त्याले. निवडून आला का बस लावून देते म्हणे.”

“असं म्हणाला तो? तुले?”

“त्याचा पीए म्हणे.”

ड्रमरनं काड्या बाकावर आपटल्या. “अन् ढोल मशीनचा काहून टाकला बे? मी मेलो होतो का?”

मला त्याचाही संताप आला. म्हणजे यानं बोलावलं असतं तर हाही गेला असता! त्याला तसं म्हटलं. त्यानं काड्या पिशवीत टाकल्या आणि उठला. गायक म्हणाला, “तुले बँड नोको होता, भोंगा पाहिजे होता.” यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यानंतर आम्ही तिघं एका खोलीत आलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेटवर गेले. शिफ्ट सुटली. मी गाणं सुरू केलं. कोणी साथ दिली नाही. ओळखीची एक बाई जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, तुमी बी भाऊच्या पार्टीत गेल्या काय?”

“नाही हो मावशी. गाणं आपलंच आहे.”

“आपलं कुठचं? कालपासून कंत्राटदारच म्हणून राहिला, गा ना व, गा. हासते मेला. आता आमी नाई म्हणत.”

तिनं माझ्या हातचं पत्रक घेतलं, न वाचता पिशवीत टाकलं, आणि बाकीच्यांना गाठायला हायवेवर भराभर चालू लागली. आतून मॅनेजरचा निरोप आला: बैठक आता निवडणूक झाल्यावर पाहू.

निवडणूक झाली. भाऊ निवडून आले. बाया चालतच जातात.